नवीन गाडी घेतलीय? आधी गाडीची भाषा क्लिअर करून घ्या

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर नवीन गाडीवाला विचारतो, "गाडीतून आवाज येतोय, काय असेल?" आणि पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात, एक म्हणतो लिंक रॉड, दुसरा म्हणतो लोअर आर्मचे बुश, तिसरा म्हणतो माउंटिंग गेलं असणार, चौथा थेट शॉकअप बदलून टाक म्हणतो. यातलं कुठलंही बरोबर असू शकतं, पण आवाज खड्ड्यात येतो की वळताना येतो हे विचारणाऱ्याने सांगितलेलं नसतं आणि उत्तर देणाऱ्यांनीही विचारलेलं नसतं. मग तो हे चार शब्द घेऊन गॅरेजला जातो, तिकडे हे बदला ते बदला करत बिल वाढतं, आणि कधीकधी आवाज तसाच राहतो.

हे मला मनापासून खटकतं. चांगल्या शिकलेल्या माणसालासुद्धा गाडीचे शब्द माहीत नसतात, विचारायची लाज वाटते, म्हणून तो मान हलवतो आणि पैसे देतो. म्हणून हा लेख नवीन लोकांसाठी, कुठला शब्द कधी वापरायचा, आपला प्रॉब्लेम समोरच्याला कळेल असा कसा सांगायचा, आणि समोरचा काय बोलतोय ते कसं समजून घ्यायचं. शेवटाकडे थोडं जुन्या लोकांसाठी पण आहे, तेही वाचा कारण अर्धी चूक आपली असते.

पायरी १: गाडीची पूर्ण ओळख मोबाईलमध्ये लिहून ठेवा

"माझ्याकडे स्विफ्ट आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. स्विफ्ट आपल्याकडे २००५ ला आली, मग २०११, २०१८ आणि २०२४ ला नवीन जनरेशन आली, मधे २००७ पासून डिझेल मिळायची ती २०२० ला मारुतीने सगळी डिझेल बंद केली तेव्हा गेली, आणि २०२४ च्या गाडीत तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, त्याआधीच्या सगळ्या पेट्रोल स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं. आता कोणी विचारलं "सिग्नलला उभी असताना स्विफ्ट थोडी थरथरते, नॉर्मल आहे का", तर उत्तर कुठली स्विफ्ट त्यावर ठरतं. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं जास्त थरथरतं, तो त्याचा स्वभाव आहे, पण चार सिलिंडरच्या गाडीत अचानक तसं व्हायला लागलं तर इंजिन माउंटिंग (इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार) किंवा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) बघायला पाहिजे.

तर लिहून काय ठेवायचं: मॉडेल, व्हेरियंट, पेट्रोल की डिझेल की सीएनजी, गिअरबॉक्स कुठला, किती किलोमीटर झाली, आणि बनलेला महिना-वर्ष. हे शेवटचं आरसीवर असतं आणि ते पासिंगच्या तारखेपेक्षा वेगळं असू शकतं, डिसेंबरमध्ये बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग झाली की लोक तिला नवीन वर्षाची समजतात, पण विकताना समोरचा बनलेलं वर्षच बघतो. आणि फेसलिफ्ट म्हणजे नवीन जनरेशन नाही, फेसलिफ्टमध्ये बंपर, लाईट, डॅशबोर्ड असं वरवरचं बदलतं आणि खालचा सांगाडा तोच राहतो, जनरेशन बदलली की बहुतेक सगळंच बदलतं. पार्ट मागवताना हा फरक सांगितला नाही तर चुकीचा पार्ट येतो.

गिअरबॉक्सवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. "ऑटोमॅटिक आहे" हे अर्धं उत्तर. आपल्याकडे ऑटोमॅटिकच्या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी चालतात.

एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच, क्लच आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतं. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओमध्ये आली आणि स्वस्त असल्यामुळे सगळीकडे पसरली. हिच्यात क्लच प्लेट असते, ती झिजते, आणि गिअर बदलताना थोडा झोका बसतो तो नॉर्मल आहे. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्या नसतात, त्यामुळे जोरात ॲक्सलरेटर दिला की इंजिनचा आवाज आधी वाढतो आणि गाडी मागून पळते, नवीन माणसाला वाटतं क्लच सरकतोय, पण तसं काही नसतं. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, गिअर पटापट पडतात, पण ड्राय क्लचवाली, म्हणजे क्लच ऑईलमध्ये न बुडलेली डीसीटी रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये गरम होऊ शकते. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, ऑईलमधून ताकद पुढे देणारा प्रकार, सगळ्यात मऊ चालतो. आणि आयएमटी म्हणजे क्लचचं पेडल नाही पण गिअर हातानेच टाकायचा, तिला ऑटोमॅटिक म्हणूच नका.

आता "ऑटोमॅटिकला झटके बसतात" हे वाक्य बघा. एएमटीवाल्याला सांगावं लागतं की थोडं सवयीचं आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला सांगावं लागतं की लगेच दाखवून घे. बोरघाटात चढावर ट्रॅफिक लागलं की एएमटी आणि डीसीटीवाल्यांनी गाडी ॲक्सलरेटरवर धरून ठेवू नये, ब्रेकवर धरावी, नाहीतर क्लच जळतो. म्हणून विचारताना चार अक्षरं जास्त टाईप करा.

हायब्रिडचं पण तसंच. माइल्ड हायब्रिड फक्त इंजिनला थोडी मदत करते, नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर खरंच इंजिन बंद ठेवून चालते. शोरूममध्ये दोन्हीला "हायब्रिड सर" म्हणतात, तुम्ही विचारा इंजिन बंद असताना चाकं फिरतात का.

पायरी २: दोन-तीन अर्थ निघणारे शब्द सोडून द्या

आपल्या रोजच्या बोलण्यातले काही शब्द घरी चालतात, गाडीच्या बाबतीत घोळ करतात.

पाणी. "गाडीत पाणी कमी आहे" म्हणजे नक्की कुठलं? इंजिन थंड ठेवणारं कूलंट, काच धुवायचं वायपरचं पाणी, की बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर? तिन्ही बोनेटखाली असतात आणि नवीन माणूस एकाच्या जागी दुसरं टाकू शकतो. कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी टाकत राहिलं की आत गंज आणि क्षार साठतात, आणि कूलंट वारंवार कमी होत असेल तर ते कुठेतरी गळतंय, नुसतं भरत राहणं हा उपाय नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, उकळतं कूलंट दाबाने अंगावर येतं. म्हणून फोनवर कोणाला "झाकण उघडून पाणी बघ" असं कधीच सांगू नका. आधी इंजिन पूर्ण थंड झालं का विचारा, मग कुठलं झाकण, कुठल्या रंगाचं, त्याच्यावर काय चित्र आहे ते सांगा.

तेल. गावाकडे तेल म्हणजे डिझेल-पेट्रोल, गॅरेजमध्ये ऑईल म्हणजे इंजिन ऑईल, आणि त्याशिवाय ब्रेक ऑईल, गिअर ऑईल वेगळं. "तेल कमी दाखवतंय" ऐकून एक जण म्हणतो पंपावर जा आणि दुसरा म्हणतो गाडी लगेच बंद कर. दोघं आपापल्या अर्थाने बरोबर आहेत. पूर्ण बोला, इंजिन ऑईल, ब्रेक ऑईल. आणि इंजिन ऑईल विकत घेताना "चांगलं ऑईल द्या" नाही, गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे सोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेला ग्रेड सांगा.

गॅस. सीएनजी की एसीचा गॅस? एसीचं म्हणाल तर तो गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद पाइपात फिरत असतो, दरवर्षी भरायला लागतोय म्हणजे लीक आहे, तेव्हा "गॅस भरा" म्हणू नका, "लीक शोधा मग भरा" म्हणा. आणि सीएनजी असेल तर कंपनी फिटेड की बाहेरून बसवलेली ते सांगा, दोन्हीची वॉरंटी आणि इन्शुरन्स वेगळा पडतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करायची असते ती दोघांनाही सारखी.

लाईट. "लाईट लागलीय" म्हणजे हेडलाईट चालू राहिली की डॅशबोर्डवर वॉर्निंग आली? वॉर्निंग म्हणा.

डावं-उजवं. बोनेट उघडून समोर उभं राहिलं की डावं उजवं उलटं होतं आणि इथे चुकीच्या बाजूचे पार्ट मागवले जातात. आपल्या जुन्या ड्रायव्हर लोकांनी याचं उत्तर कधीच शोधून ठेवलंय, ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड. कारमध्ये क्लीनर नसला तरी हा शब्द वापरा, कुठूनही बघितलं तरी अर्थ बदलत नाही. "पुढचं चाक, क्लीनर साईड" संपला विषय.

पायरी ३: पार्टचं नाव सांगू नका, काय दिसतं-ऐकू येतं ते सांगा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. नवीन माणूस कुठेतरी वाचून येतो आणि सांगतो "माझा व्हील बेअरिंग गेलाय". मेकॅनिक तोच बदलतो, कारण गिऱ्हाईकानेच सांगितलं. तुम्ही फक्त लक्षण सांगा, निदान त्याला करू दे, म्हणजे चुकलं तर जबाबदारी पण त्याची.

आवाजासाठी मराठीत आपल्याकडे भरपूर शब्द आहेत, ते बिनधास्त वापरा, मेकॅनिकला ते इंग्रजीपेक्षा लवकर कळतात. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर खट-खट होतं, तर सस्पेन्शनकडे बोट जातं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना टक-टक-टक होतं, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा जॉइंट बघतात. वेग वाढेल तशी घूं-घूं वाढते आणि गिअर न्यूट्रल केला तरी जात नाही, तर व्हील बेअरिंग किंवा टायर. सकाळी चालू केल्या केल्या चीं-चीं करते आणि थोड्या वेळाने थांबते, तर बेल्ट. प्रत्येक वेळी यासोबत चार गोष्टी जोडा: कधी येतो, कुठल्या बाजूने, किती स्पीडला, आणि इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर. आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कारण गॅरेजमध्ये नेलं की तो हमखास येत नाही.

"गाडी स्टार्ट होत नाही" हे वाक्य तर पूर्ण बंद करायला पाहिजे, त्यात चार वेगळे आजार लपलेत. चावी फिरवली किंवा बटण दाबलं आणि काहीच नाही, डॅशबोर्ड पण काळा, तर बॅटरी पूर्ण उतरली किंवा टर्मिनल ढिलं. डॅशबोर्ड लागतो पण पटपट टक-टक-टक आवाज येतो, तर बॅटरी वीक. एकदाच टक करून गप्प बसते, तर स्टार्टर मोटर पण बघावी लागेल. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी ठीक आहे, इंधन, स्पार्क किंवा चावीची सिक्युरिटी बघा. पहिल्या दोन केसमध्ये शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपस्टार्ट करून गाडी निघू शकते, शेवटच्या केसमध्ये तुम्ही दुसऱ्या दहा गाड्या जोडल्या तरी काही होणार नाही, उलट स्टार्टर मारत बसलात तर चांगली बॅटरी उतरेल. बघा, एका वाक्यात किती धावपळ वाचते.

ब्रेकचं तर जिवाशी आहे. "ब्रेक फेल झाला" हा शब्द लोक कशालाही वापरतात आणि त्यामुळे खरं काय झालं ते कळतच नाही. पेडल मऊ लागतं, स्पंजसारखं, तर लाईनमध्ये हवा असू शकते किंवा ब्रेक ऑईल खराब. पेडल पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जात राहतं, तर लीक किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल पुढे ढकलणारा पार्ट), अशी गाडी चालवायचीच नाही. पेडल दगडासारखं कडक झालंय, तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर बघा. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, तर डिस्क. बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर पॅड संपत आलेत. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, खरखर आवाज येतो, तेव्हा घाबरून पाय काढू नका, ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा काम करतंय, पाय दाबूनच ठेवायचा. नवीन लोकांना हे कोणी सांगत नाही आणि ते नेमक्या त्या क्षणी पाय उचलतात.

याच्याच जोडीला, ताम्हिणी, वरंधा, आंबोली असा कुठलाही घाट उतरताना "गाडी गिअरमध्ये उतरव" असं जुने लोक सांगतात, नवीन माणसाला वाटतं गाडी गिअरमध्येच तर असते. अर्थ असा की दुसरा किंवा तिसरा असा खालचा गिअर टाकून ॲक्सलरेटर सोडायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा एल असतो तो वापरा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणं हे पेट्रोल वाचवणं नाही, इंजिन बंद झालं की बूस्टर दोन-चार वेळा ब्रेक मारेपर्यंतच साथ देतो आणि पॉवर स्टिअरिंग पण जड होतं.

पायरी ४: वॉर्निंगचा रंग आधी, चित्र नंतर

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. पिवळा किंवा केशरी म्हणजे गाडी चालेल पण लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. विचारताना फोटो टाका, आणि वॉर्निंग सतत पेटलीय की लुकलुकतेय ते लिहा. चेक इंजिनची पिवळी वॉर्निंग सतत पेटलेली असेल तर आरामात गॅरेजला जाता येतं, लुकलुकत असेल तर बहुतेक मिसफायर चालू आहे, तेव्हा जोर न देता चालवा आणि लवकर थांबा, नाहीतर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आणि तो महागडा पार्ट आहे.

गॅरेजवाला स्कॅनर लावून म्हणाला "सेन्सर गेलाय", तर त्याला कोड नंबर लिहून मागा. कोड फक्त सांगतो की कुठली रीडिंग गडबड आहे, सेन्सरच खराब आहे असं तो सांगत नाही, वायर तुटलेली असली तरी तोच कोड येतो.

बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलवाल्यांनी डीपीएफ हा शब्द पाठ करा. सायलेन्सरच्या लाईनमधली काजळी अडवणारी जाळी, ती भरली की गाडी स्वतःच ती जाळते, पण त्यासाठी सलग चालणं लागतं. रोज फक्त चार किलोमीटर शाळा-बाजार केलं तर ती वॉर्निंग येणारच. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्या स्पीडने हायवेला साधारण १५-२० मिनिटं सलग चालवली की बहुतेक वेळा जाते. आणि कोणी "डीपीएफ काढून टाक" सांगितलं तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

पायरी ५: सर्व्हिस सेंटरला काय बोलायचं

फ्री सर्व्हिसमध्ये लेबर फ्री असतं, ऑईल आणि फिल्टरचे पैसे लागतात, त्यामुळे फ्री सर्व्हिसचं बिल आलं म्हणून भांडू नका. जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना ॲडव्हायझर लिहितो तो कागद, आता बऱ्याच ठिकाणी टॅबवर. त्याच्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "ग्राहकाची तक्रार: आवाज" नको, "४० च्या स्पीडला खड्ड्यात पुढून क्लीनर साईडने खट आवाज" असं पाहिजे. वॉरंटी संपल्यावर वाद झाला तर आधी तक्रार केली होती हे दाखवायला हाच कागद कामाला येतो.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकत्र बोलतात म्हणून लोकांना एकच वाटतं. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, आधी हवा चेक करा, ती ठीक असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट करणं. ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं, तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो, पंपवाल्याला "३३ पीएसआय" असा आकडा सांगा, "बरोबर भर" म्हटलं की तो सगळ्यांना एकच भरतो. टायर घेताना साइज पूर्ण वाचा, १८५/६५ आर १५ म्हणजे १८५ मिमी रुंदी, त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची भिंत, आर म्हणजे रेडियल, १५ इंचाची रिम. आणि बनवलेली तारीख चार आकड्यांत असते, २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा.

डीकार्बनायझिंग, इंजिन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन असं काही ॲडव्हायझर वाचून दाखवायला लागला की एकच विचारा, "हे माझ्या मॅन्युअलच्या सर्व्हिस शेड्युलमध्ये कुठे आहे?" असेल तर करा, नसेल तर का पाहिजे ते साध्या शब्दांत समजावून सांगायला सांगा, आणि पटलं नाही तर नको म्हणा.

पायरी ६: मायलेज आणि किंमत, कुठला आकडा बोलताय ते सांगा

"ॲव्हरेज किती देते" याचे तीन आकडे असतात. एक एआरएआयचा, ही पुण्यातली १९६६ पासूनची संस्था, टेस्ट लॅबमध्ये रोलरवर ठरलेल्या पद्धतीने होते, म्हणून तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, पण लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो मिळणार नाही. दुसरा डॅशबोर्ड दाखवतो तो, साधारण अंदाज. तिसरा टँक टू टँक, म्हणजे पंपाचा नोझल आपोआप थांबेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चालवा, परत तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. बोलताना कुठला ते सांगा आणि सिटी की हायवे ते सांगा, नाहीतर दोघं एकाच गाडीवरून उगाच वाद घालतात.

किंमतीतही एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यात लाखाच्या आसपास किंवा जास्त फरक पडतो, कारण आरटीओचा टॅक्स आणि इन्शुरन्स नंतर लागतो. १० लाखाच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के टॅक्स आहे, डिझेलला जास्त.

पायरी ७: इन्शुरन्सचे शब्द क्लेमच्या आधी शिका

"फुल इन्शुरन्स आहे" असं म्हणणाऱ्यांना पावसाळ्यात जास्त धक्का बसतो, म्हणून जरा सविस्तर.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, हा कायद्याने लागतोच आणि सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं कव्हर, म्हणजे ओन डॅमेज, बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. लोक कागदावर ३ वर्षं बघतात आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच्या गाडीला कव्हर नसताना फिरतात. आज पॉलिसी उघडून दोन्ही तारखा वेगवेगळ्या बघा.

झिरो डेप म्हणजे पार्टचा घसारा कापला जात नाही. ते नसेल तर प्लॅस्टिक, रबरचे पार्ट आणि बॅटरीचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात, आणि आजकाल पूर्ण बंपर प्लॅस्टिकचा असतो. पण झिरो डेप असलं तरी बिल शून्य होत नाही, ठरलेली रक्कम तुम्हाला भरावीच लागते, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये, शिवाय नट-बोल्ट, ऑईल असे कंझ्युमेबल वेगळे.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर जास्तीत जास्त किती मिळणार तो आकडा. प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट हा आकडा खाली आणतात, म्हणून दोन कोट बघताना आधी आयडीव्ही सारखा करा. एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याची सूट, २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाचव्या वर्षी ५० पर्यंत जाते, ती माणसाची असते, गाडीची नाही, त्यामुळे जुनी गाडी विकली तरी नव्या गाडीवर नेता येते. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की मात्र ती सूट गेली.

आणि पाऊस. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारलात तर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन आतले रॉड वाकतात. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. अशा वेळी फोनवर "गाडी स्टार्ट होत नाही" नाही, "गाडी पाण्यात बंद पडलीय, मी परत स्टार्टर मारलेला नाही" असं सांगा, पाणी कुठपर्यंत होतं त्याचा फोटो काढा आणि टो करून न्या.

पायरी ८: आता जुन्या लोकांसाठी

तुम्हाला १० वर्षांचा अनुभव आहे, चांगली गोष्ट आहे, नवीन माणसाला त्याची गरज आहे. पण त्याने विचारलं की पहिलं उत्तर प्रश्नच असू द्या: कधी, कुठून, किती स्पीडला. शॉर्टफॉर्म वापरलात तर पहिल्यांदा त्याच्यापुढे चार शब्दांत अर्थ लिहा, "लिंक रॉड, म्हणजे शॉकअपला जोडलेली बारीक सळई" एवढं पुरतं. "गाडी गेली", "इंजिन संपलं", "क्लच बसला" असले शब्द टाळा, समोरच्याला रात्रभर झोप लागत नाही आणि बऱ्याचदा काम केबल ॲडजस्ट करण्याइतकं असतं. आणि "अजून चालवू शकतो का" याचं उत्तर स्पष्ट द्या, हो, नाही, किंवा गॅरेजपर्यंत हळू. नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं असतं आणि नेमकं तेच आपण पार्टच्या चर्चेत विसरतो.

पायरी ९: रस्त्यात बंद पडली तर फोनवर काय सांगायचं

आधी हॅझर्ड लावा, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते लाल त्रिकोणाचं बटण, आपल्याकडे बरेच जण त्याला पार्किंग लाईट म्हणतात. मागे लांबवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसून फोन करू नका. नॅशनल हायवेवर १०३३ ला फोन लागतो. जागा सांगताना "लोणावळ्याच्या थोडं पुढे" याने टो वाला चुकीच्या बाजूला येतो आणि परत फिरायला त्याला बरंच लांब जावं लागतं. रस्त्याचं नाव, कडेच्या पाटीवरचा किलोमीटर आकडा, आणि तोंड कुठे आहे ते सांगा, "मुंबईकडे जाणारी बाजू, डावीकडच्या पट्टीवर उभी". त्यानंतर पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली ओळख वाचून दाखवा, मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते आणि इंजिन पुढची चाकं फिरवतं की मागची की चारही ते नक्की सांगा, कारण ऑटोमॅटिक किंवा फोर बाय फोर गाडीची चालणारी चाकं जमिनीवर घासत ओढली तर गिअरबॉक्स खराब होऊ शकतो आणि तुम्हाला दोरीवाली नाही, फ्लॅटबेडवाली, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारी गाडी मागवावी लागेल.